वर बघ, चिमणी

सकाळची पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन अंबाजोगाईला आले तेव्हापासूनचा हा नेम. घराला त्याची इतकी सवय झाली आहे, की दारात दूध आणून ठेवणारी चाकांची पेटीसुद्धा माझ्या हाताच्या खुणा शिकली आहे. दोन बोटं दाखवली की दोन पिशव्या ठेवते, तळहात हलवला की निघून जाते. इतक्या वर्षांत हा नेम एकदाच मोडला, तोही एका शब्दासाठी. त्या एका शब्दाचं पुढं काय झालं, ते सांगायला बसले आहे. सांगताना थोडा अभिमान डोकावेल. डोकावू दे. तो माझ्या सुनेचा आहे.

माझी सून शाल्मली आवाज धुते. तिच्या कामाला मोठं नाव आहे, पण मी शेजारणींना असंच सांगते आणि तिलाही ते आवडतं. लोक तिच्याकडे जुनी ध्वनिमुद्रणं पाठवतात. कुणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका, कुणाच्या गेलेल्या आईचा फोनवरचा निरोप. ती बसून त्यातला कचरा वेगळा करते. माझे वडील, नाना, परळीला कीर्तन करायचे. त्यांची एकच टेप माझ्याकडे उरली होती आणि तीही नुसती खरखरायची. शाल्मलीनं ती धुऊन दिली. पंख्याची घरघर गेली, कर्ण्याची शिट्टी गेली, आणि नाना समोर बसून गायल्यासारखे ऐकू आले. पण गाण्याआधी ते दोनदा खाकरले. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "खरखर काढली, आई. खाकरणं ठेवलंय. ते नानांचं आहे."

आपल्या घरात कोण आलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता खोकल्याचं. माझी नात रेवती, आम्ही तिला रेऊ म्हणतो, दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा दिवाळीच्या सुमाराला तिला पडसं झालं. नाक चोंदलेलं, छातीत घरघर, झोपेत तोंड उघडं. थंडीचं आहे, जाईल, असं सगळेच म्हणालो. ओव्याची पुरचुंडी शेकली, वाफ दिली, औषधं दिली. औषधानं चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. छातीचा फोटो काढला, त्यातही काही दिसलं नाही. संक्रांतीला तिच्यासाठी हलव्याचे दागिने केले होते. अंगावर घातले की खोकल्याच्या उबळीनं ते खळाखळा वाजायचे. बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

आमच्या घरात कानोसा होता. आता तो घरोघर आहे, पण तेव्हा नवीन होता. बालश्वास योजनेत लहान मूल असलेल्या प्रत्येक घराला तो फुकट मिळायचा. भाकरीएवढी पांढरी चकती, भिंतीला लावायची. ते यंत्र कसं चालतं हे मला माझ्या मुलानं, तेजसनं, समजावलं होतं. तालुक्यातले कानोसे बसवायचं आणि सांभाळायचं काम त्याच्याकडेच होतं.

खोकला म्हणजे छातीतून जोरानं सुटलेला वारा. तो ज्या नळ्यांमधून येतो त्या सुजल्या असतील, कफानं भरल्या असतील, आवळल्या असतील, तर प्रत्येक वेळी आवाज वेगळा येतो, जसा बासरीची भोकं झाकली की सूर बदलतो. आपल्या कानाला हा फरक थोडाच कळतो. यंत्रानं लाखो मुलांचा खोकला ऐकलेला, त्याला बारीकसाही कळतो. शिवाय ते खोलीतली हवा हुंगतं. धूर, धूळ, परागकण, बुरशी, कशानंतर खोकला वाढला याचा मेळ घालतं आणि कारण सांगतं. माणसांचं बोलणं मात्र ते ठेवत नाही. घरातल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून कायदाच तसा आहे. खोकला तेवढा पुढं पाठवायचा, त्याच्या आजूबाजूचं बोलणं पुसून टाकायचं. पुसण्याआधीचा मूळ आवाज भिंतीवरच्या चकतीत वर्षभर राहतो, घरच्यांच्या मालकीचा, वर खात्याचं सील. तो कुणी कधी उघडत नाही. कशाला उघडेल?

कानोशानं पहिलं कारण सांगितलं: धूर, देवघर.

माझा संध्याकाळचा धूप होता. तेजस कानोशाच्या अहवालाचा कागद हातात घेऊन देवघराच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, देवाला काय धुराचीच गरज आहे का?" धूपपात्र घासून कपाटात ठेवलं. समईही विझवली. पुढं मानसपूजा करू लागले. मनात फुलं, मनात दिवा. देवानं कधी तक्रार केली नाही. शाल्मलीला मात्र ते फार लागलं. ती देवघरासमोरून जाताना पाऊल हळू टाकायची.

धूप गेला, पण खोकला काही गेला नाही.

मग कानोशानं दुसरं कारण सांगितलं: दमा, घराभोवतीची हवा. आणि त्याखाली शिफारस: निर्मळवाडी. सह्याद्रीच्या माथ्यावर सरकारनं दम्याच्या मुलांसाठी वसाहत केली होती. स्वच्छ हवा, शाळा, डॉक्टर, सगळं तिथंच. मुलानं एका पालकासह तिथं दोन वर्षं राहायचं. आमच्या तालुक्यातली बरीच मुलं गेली होती आणि त्यातली पुष्कळ तेजसच्याच सहीनं गेली होती. आईबापांना समजावायला तो स्वतः जायचा. आता त्याच्याच घरी ती वेळ आली होती.

नवराबायकोत त्या दिवसांत फार बोलणं नसायचं. एकदा स्वयंपाकघरात ऐकलं तेवढं सांगते. तेजस म्हणत होता, की जे मी दुसऱ्यांना सांगितलं ते स्वतःच्या मुलीला लावलं नाही, तर कुठल्या तोंडानं लोकांच्या घरी जाऊ? यंत्रानं लाखो मुलं ऐकली आहेत, शालू.

शाल्मली पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ऐकली असतील. मला माझी एक नीट ऐकू दे."

जायचं ठरलं होतं. महाशिवरात्र झाली की दोघी निघणार होत्या. शाल्मलीनं तिच्याकडची सगळी कामं परत पाठवली. मी रेऊचे लोकरीचे कपडे काढून उन्हात टाकले. मला विचाराल तर मी देवाकडे खोकला बरा कर असं मागत नव्हते. रेऊ मोठी होताना मला बघायला मिळू दे, एवढंच मागत होते. दोन वर्षांनी परत आली असती तर तिनं मला ओळखलंच नसतं.

असंच एक संध्याकाळचं जेवण. भाकरी, पिठलं आणि कारळाची चटणी. तेजसनं चटणीचा घास घेतला आणि त्याला असा ठसका लागला, की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर कानोशाचा दिवा लुकलुकला आणि चकतीवर अक्षरं उमटली: खोकला, प्रौढ. मी पाणी पुढं केलं. तेवढ्यात रेऊ आईच्या मांडीवरून उतरली, दुडूदुडू बापाजवळ गेली, त्याच्या डोक्यावर इवल्याशा हातानं थापट्या मारल्या आणि म्हणाली, "बाबा, वल बघ. चिमनी बघ."

आम्ही हसलो. तेजस तर खोकताखोकता हसला.

शाल्मली हसली नाही. तिचा हात ताटात तसाच राहिला. "हे हिला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार?" मी म्हटलं. "आपणच. ठसका लागला की म्हणतोच की आपण. तुझी आई नाही म्हणायची?"

"म्हणायची. सगळेच म्हणतात." ती भिंतीकडे बघत होती. "आणि ह्यानं ते पुसलं. आत्ता, आपल्यासमोर. ह्याला नुसता खोकला ऐकू आला. चिमणी नाही ऐकू आली."

तेजसला कळेना. मलाही कळलं नव्हतं. तिनं मग समजावून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज इतका खाली आला होता की आम्ही जेवण थांबवून ऐकलं. आपल्याकडे खोकला एकच नसतो. ढास वेगळी, उबळ वेगळी, ठसका वेगळा. घास चुकून श्वासाच्या वाटेनं गेला की ठसका, आणि कधी तो आतच अडकून राहतो. यंत्राला बाहेरच्या देशातून शिकवून आणलं, तिथं या सगळ्याला एकच शब्द. पण ठसक्यानंतर मराठी घरात माणसं गप्प बसत नाहीत. मान वर व्हावी, वाट मोकळी व्हावी म्हणून म्हणतात, वर बघ, चिमणी बघ. रोग ओळखायची खूण खोकल्यात नव्हती, खोकल्याच्या बाजूच्या बोलण्यात होती. आणि तेच कचरा म्हणून फेकलं जात होतं.

"हिला दिवाळीआधी कधी मोठा ठसका लागला होता का?" तिनं विचारलं.

कुणालाच आठवेना. ठसका ही काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे?

"मग ज्याच्या लक्षात आहे त्याला विचारू," असं म्हणून तिनं हात धुतले आणि चकती भिंतीवरून काढायला घेतली. तेजस उठला. मला वाटलं अडवतो की काय, कारण चकती उघडायची म्हणजे त्याच्या खात्याचं सील तोडायचं. त्यानं खिशातून किल्ली काढली. म्हणाला, "तोडू नकोस. सील माझं आहे, मीच काढतो."

महिन्यामहिन्यांचे आवाज कान लावून ऐकणं शक्यच नव्हतं. शाल्मलीनं तिच्या संगणकाला फक्त दोन शब्द शोधायला सांगितले, कुणाच्याही तोंडचे, हसत म्हटलेले, घाईत म्हटलेले. वर बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. देव ताम्हणात होते, अक्षता हातात, समईची जागा रिकामी. शाल्मली दारात येऊन उभी राहिली. माझ्या पूजेच्या वेळी ती कधी येत नाही. मागं तेजस होता, कडेवर रेऊ.

"आई, बोलू नका. नुसतं ऐका."

तिनं आवाज सुरू केला. आधी आमच्याच घरातला गलका. बाहेर कुणाचा तरी लवंगी फटाका, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा दिवस. मग रेऊचा ठसका, एकदम कोरडा, श्वास अडकल्यासारखा. त्यावर आम्हा तिघांचे आवाज एकावर एक: वर बघ, वर बघ, ती बघ चिमणी. थापट्या. रेऊ रडते, थांबते. माझा आवाज येतो, कोण आठवण काढायलंय गं माझ्या बाईची? तेजस म्हणतो, मामा काढायला असेल. सगळे हसतात. रेऊसुद्धा.

"या दिवसाच्या आधी हिच्या छातीत घरघर नाही," शाल्मली म्हणाली. "मी तपासलं. या दिवसानंतर आहे, अखंड. पण हिच्या तोंडात काय होतं? तेजस म्हणतो लाडू असेल. लाडू विरघळला असता. हे ऐका."

तिनं आमचे आवाज मागं सारले, एकेक करून, जसे नानांच्या टेपमधले पंखे सारले होते. खाली एक बारीक नाद उरला. टिण्. थोडं थांबून टिण्, टिण्. स्टीलच्या ताटलीत काहीतरी पडत होतं.

"हे काय वाजतंय ते कळेना मला. रोजच्या कामात मी हे पहिल्यांदा पुसून टाकलं असतं."

मला कळलं होतं. माझा उपवासाचा दिवस होता तो. बालाघाटातली, डोळे उघडलेली, मऊ. मधे एक ताटली ठेवून आम्ही सगळे भोवती बसलो होतो आणि बोलताबोलता त्या ताटलीत टाकत होतो. रेऊला गर काढून भरवत होतो. ताटलीकडे तिचा हात गेला असेल, तर ते कुणाच्या ध्यानात येणार?

खूण करता आली असती. जमिनीवर पाण्यानं लिहिता आलं असतं. पण देवासमोर, अर्ध्या पूजेत, हातात अक्षता घेऊन माझ्या तोंडातून शब्द गेला.

"सीताफळ."

शाल्मलीनं माझ्याकडे पाहिलं. आनंदापेक्षा तिला माझा नेम मोडल्याचंच वाईट वाटत होतं. मी तिला हातानं सांगितलं, जा. आधी जा.

आमच्या डॉक्टर शबाना पटेल. रेऊला जन्मापासून त्याच बघतात. त्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकलं, मग रेऊच्या छातीला नळी लावली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि खूप वेळ उजवीकडे. म्हणाल्या, खालच्या भागात हवा कमी शिरते आहे. बी फोटोत दिसत नाही, म्हणून फोटो साफ आला. बी श्वासनळीत अडकली की तिच्यामागं कफ साचतो, साचला की सडतो, श्वास कोंडतो, ताप येतो. औषधानं सूज उतरते आणि चार दिवस बरं वाटतं. पण बी जागच्या जागीच. खात्री दुर्बीण आत घातल्यावरच होईल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तेजसला विचारलं, "यंत्र दमा म्हणतंय. तुम्ही काय म्हणता?"

ज्या माणसानं गावभर त्या यंत्राची बाजू मांडली होती तो म्हणाला, "मी हिची आई म्हणते ते म्हणतो."

शाल्मलीचा अभिमान मी इथवर सांगत आले. त्या वाक्यापुरता मला मुलाचाही वाटला.

लातूरला नेलं. दुर्बीण घातली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून सकाळी राहिलेली पूजा मनात पुरी करत होते. फुलं वाहिली, दिवा लावला. आरतीला सुरुवात करणार तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात लहानशी बाटली होती आणि तिच्यात फुगलेली, काळी, चकचकीत बी. इतकी साधी दिसत होती. अशा कितीतरी आम्ही दर वर्षी उकिरड्यावर टाकतो.

रेऊ घरी आली. पहिल्या रात्री तिचं तोंड मिटलेलं होतं. आम्ही तिघंही तिच्याभोवती बसून तिचं मिटलेलं तोंड बघत राहिलो, जसं काही नवीनच बाळ झालं होतं.

इथं गोष्ट संपली असती, तर ती आमच्या घरापुरतीच राहिली असती. लोकरीचे कपडे मी पेटीत परत ठेवत होते तेव्हा शाल्मली म्हणाली, "आई, निर्मळवाडीत जी मुलं आहेत, त्यांच्या घरी कुणी 'वर बघ' म्हटलं असेल का?"

तेजसनं वरच्या साहेबांना लिहिलं. बोलणं घराबाहेर न्यायचं नाही हा कायदा बरोबरच होता, म्हणून शाल्मलीनं उलटी वाट काढली. तिनं शोधणारा भागच चकतीत घातला. घरातलं बोलणं घरातच राहील, चकती स्वतः ते दोन शब्द शोधेल आणि सापडले तर फक्त आईबापांना सांगेल. गावागावांतली बोली वेगळी, म्हणून तिनं बायकांना फोन करकरून विचारलं, तुमच्याकडे ठसका लागला की काय म्हणतात? कुठं चिमणी, कुठं कावळा, कुठं वर मामा बसलाय म्हणून सांगतात. सगळं तिनं यंत्राला शिकवलं. साहेबांनी त्या भागाला काहीतरी लांबलचक नाव दिलं आहे. आमच्या घरी त्याचं नाव चिमणी.

सगळ्यांच्या घरी चिमणी सापडली नाही. पुष्कळ मुलांना दमा खराच होता, ती तिथंच राहिली आणि सुधारली. पण काही घरी सापडली. कुणाच्या छातीतून शेंगदाण्याची फाक निघाली, कुणाच्या खेळण्यातला मणी. ती मुलं डोंगरावरून परत आली. त्यांना आणायला तेजस स्वतः जायचा. ज्या दारात समजावायला गेला होता त्याच दारात मूल कडेवरून उतरवायचा. एका आजोबांनी त्याला आधी शिव्या घातल्या आणि मग जेवायला बसवलं. तो दोन्ही पोटभर खाऊन आला.

देवघरात समई परत आली. धूप मात्र मी परत सुरू केला नाही. कारण चुकलं होतं, पण धुराबद्दल यंत्र खोटं बोललं नव्हतं. लहान लेकराच्या घरात धूर नको, हे मला पटलं. माझा नेम मी कमी केला नाही, त्याची जागा बदलली.

मोडलेल्या मौनाचं काय, असं मला शेजारच्या निर्मलाबाईंनी विचारलं होतं. प्रायश्चित्त घेतलंस का? मी म्हटलं, देवाला विचारलं, तो काही बोलला नाही. तोही मौनात असेल.

पण त्यांचा खरा चिमटा वेगळाच आहे. शाल्मलीनं चकतीत चिमणी घातली तेव्हा आईबापांना प्रश्न विचारायला एक आवाज हवा होता. घाबरवणारा नको, डॉक्टरी नको. तिनं एका दुपारी मला माईकसमोर बसवलं आणि दोन वाक्यं बोलायला लावली. मी सावकाश बोलते, त्याची मला आयुष्यभर लाज वाटत आली होती. ती म्हणाली, "हाच पाहिजे, आई. यातलं काही धुवायचं नाही." बोलण्याआधी मी सवयीनं खाकरले होते. तेही तिनं ठेवलं.

आता सकाळी मी पूजेला बसते, ओठ मिटलेले, समोर समई. आणि तेव्हाच, शेजारच्या गल्लीत, परळीत, कुठंकुठं, कुणाच्या तरी बाळाला ठसका लागतो, घरातले सगळे वर बघ, वर बघ म्हणतात, आणि भिंतीवरची चकती आधी हळूच खाकरून माझ्या आवाजात विचारते, "बाळाला ठसका लागला ना? तेव्हा तोंडात काय होतं?"

निर्मलाबाई म्हणतात, तुझं मौन आता सगळ्या महाराष्ट्रात मोडायलंय.

मी त्यांना तळहात हलवून दाखवते. पूजा व्हायची असते.